गुडघ्यातील कूर्चा आणि तिची लावणी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुडघेदुखी ठाऊक नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगावेत, असे आम्हांस वाटते. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. वाचून समजलेले सोपे करून सांगणे एवढाच आमचा अधिकार.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून त्वचेची जखम भरते तशी कूर्चेची भरत नाही. ही गोष्ट विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

१९८७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नवा मार्ग काढला. आपले शेतकरी तरव्यात भाताची रोपे करून मग लावणी करतात, तसाच हा प्रकार होय. प्रथम दुर्बिणीच्या साह्याने रुग्णाच्याच गुडघ्यातून, जेथे भार कमी पडतो तेथून, कूर्चेचा लहानसा तुकडा घेतात. प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातील पेशी वाढवितात. नंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जखमेच्या जागी बसवितात. पूर्वी त्यांवर नडगीच्या हाडावरील पातळ आवरण शिवीत. पुढे पेशी पडद्यावरच वाढवून तो पडदा बसविण्याची रीत आली.

१९९४ साली त्यांनी तेवीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाच्या टोकाला जखम असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांस चांगला गुण आला; वाटीची जखम असलेल्या सातांपैकी मात्र दोघांसच. म्हणजे हा रामबाण नव्हे.

येथेच आपण सावध राहावयास हवे. हा उपचार तरुण वयातील, एका जागच्या जखमेसाठी आहे. वार्धक्याने सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. वडिलांच्या गुडघ्यात पेशी घालून देतो असे कोणी म्हणाल्यास, कर्ज काढण्यापूर्वी ‘जखम एका जागी आहे, की झीज सर्वत्र?’ एवढे अस्थितज्ज्ञास अवश्य विचारावे. वडिलांसाठी वजन कमी करणे, मांडीचे व्यायाम आणि अगदीच निरुपाय झाल्यास कृत्रिम सांधा, हे मार्ग आहेत.

उलट, कबड्डीत मुलाचा वा मुलीचा गुडघा दुखावला, सुजला, अडकू लागला, तर ‘आपोआप बरा होईल’ म्हणून तेल चोळीत महिने घालवू नयेत. शस्त्रक्रिया झालीच, तर पुढे कित्येक आठवडे कुबड्या व अनेक महिने व्यायाम असतो. तेथे घरच्यांचा धीरच उपयोगी पडतो.

तरुणाच्या बाबतीत दिरंगाई नको आणि वृद्धाच्या बाबतीत भुलावण नको, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.