वास बाटलीतला आणि वडीतला



दिवाळीला तीन-चार महिने राहिले, की आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटात साबण आणि मेणबत्त्यांची लगबग सुरू होते. मग एखादी ताई चार-पाच बाटल्या घेऊन दारात उभी. 'चाचा, तुमच्या घरात अत्तराचा शौक. यातला कुठला वास घेऊ?' मी बाटली उघडण्याआधी विचारतो, 'हे घालणार कशात?'

आमच्याकडे ईदला अत्तराचा फाया कानात ठेवतात. कनौजला फुलं देगेत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, हा अत्तराचा जुना रिवाज. असं अत्तर अंगाच्या उबेनं हळूहळू उलगडतं. त्याला कॉस्टिक सोड्याशी झुंजावं लागत नाही, की ज्योतीशेजारी बसावं लागत नाही. साबणातल्या आणि मेणातल्या सुगंधाला मात्र नेमकं तेच करावं लागतं. म्हणून निवड नाकानं सुरू करावी, पण नाकावर संपवू नये.

साबणाचं पाहा. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले, की त्या झटापटीत नाजूक वास तग धरत नाहीत. संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल पहिल्या दिवशी घर भरून टाकतं; पण साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ते बरंचसं उडून जातं. त्याला वाळ्यासारख्या जड, सावकाश उडणाऱ्या तेलाची सोबत दिली, तर थोडं अधिक टिकतं. व्हॅनिलाच्या सुगंधात व्हॅनिलिन असेल, तर पांढरा साबण तपकिरी होतो. लवंगेच्या तेलानं मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ शकतं. साच्यात ओतायलाही वेळ मिळत नाही.

मेणबत्तीची तऱ्हा वेगळी. तिचा वास दोनदा तपासायचा, थंड असताना आणि जळत असताना. थंड असताना दरवळणारी मेणबत्ती पेटवल्यावर कधी कधी मुकी होते. मग वाटतं, आणखी तेल घालावं. पण मेण ठराविकच तेल धरून ठेवतं. जास्तीचं बाहेर पाझरतं, वात नीट जळत नाही, धूर होतो, भडकाही उडू शकतो. १ किलो मेणाला साधारण ६० ग्रॅम आणि साबणाच्या १ किलो तेलाला ३० ग्रॅम सुगंध, हा नेहमीचा हिशेब. बनवणाऱ्यानं कमी सांगितलं असेल, तर तेच पाळायचं. कपड्यांवर मारायचा सेंट मेणात कधीच नको. त्यात अल्कोहोल असतं, ते पेट घेतं.

एक गोष्ट मनाला लागली, ती सांगतो. गटातल्या एका मुलीला दुकानदारानं अगरबत्तीचा सुगंध 'साबणालाही चालतो' म्हणून दिला. त्या साबणानं तिच्या धाकट्या भावाच्या अंगावर पुरळ उठलं. वीस वड्या फेकाव्या लागल्या. भांडवल गेलंच, पण शेजारणींचा विश्वास परत मिळवायला तिला पुढची दिवाळी उजाडावी लागली.

म्हणून बाटलीबरोबर कागद मागा. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिच्या निकषांनुसार दिलेल्या प्रमाणपत्रात तो सुगंध साबणात किती चालेल, मेणबत्तीत किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. कागद नसेल, तर वास कितीही गोड असो, बाटली परत.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' याही समजुतीत राहू नका. दालचिनीचं तेल झाडापासूनच येतं, तरी त्वचेची आग करतं. उलट, गुलाबाचं १ किलो अस्सल तेल मिळायला काही हजार किलो फुलं लागतात. तेव्हा स्वस्त बाटलीतला गुलाब हा प्रयोगशाळेतलाच असणार. त्यात कमीपणा नाही. फक्त वेष्टनावर 'अस्सल गुलाब' लिहू नका. 'गुलाबाचा सुगंध' एवढं खरं पुरेसं आहे.

नवा सुगंध आणला, की आधी १०० ग्रॅमचा छोटा घाणा काढा. वडी मुरू द्या, मेणबत्ती शेजारी बसून तासभर जाळा, आणि वहीत तारीख व प्रमाण लिहून ठेवा. दिवाळीत विकायचा वास आषाढातच ठरवायला हवा, तो यासाठी.