घंटा वाजली की…



अब्बा गेले त्या वर्षी, म्हणजे १९९२ साली, मी पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. लहानपणी फजरच्या नमाजला तेच मला उठवायचे. हाक मारायचे नाहीत, नुसता पायाच्या अंगठ्याला हात लावायचे. ते गेले आणि उठवणारं कुणी राहिलं नाही. आधी फजर सुटली, मग बाकीच्या चार. जुम्म्याला तेवढा मशिदीत जायचो, तेही कुणी विचारू नये म्हणून.

अशा दिवसांत नगरकडचा एक ख्रिस्ती मित्र मला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात घेऊन गेला. प्रार्थनेची जागा म्हटल्यावर बाकं असतील, असं मला वाटलं होतं. इथे चपला बाहेर काढून जमिनीवर बसायचं होतं. समोर समई होती. एक भजन झालं, थोडं वाचन झालं आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. सुरुवातीला मी सारखा घड्याळाकडे पाहत होतो.

या आश्रमाची गोष्ट आपल्या मराठी मातीतली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि पुढे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. याच विन्स्लोंनी १९२२ मध्ये नगरकडे ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि १९२७ मध्ये पुण्यात आश्रम उभा राहिला. इंग्रज आणि हिंदी बंधू तिथे खादी नेसून एकत्र राहत. आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारे व्हेरियर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच संघासाठी.

पुढे बंधू कमी होत गेले. १९६२ ते ६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चची दारं इतरांसाठी जरा उघडली. मग १९७२ मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी मिळून हा आश्रम पुन्हा जागता केला. सिस्टर वंदना त्यांत होत्या, आणि सिस्टर सारा ग्रँटही. सारा ब्रिटनमधून आलेल्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या, शंकराचार्यांच्या अभ्यासक. बायबलबरोबर उपनिषदांचं वाचन आणि सामूहिक मौन यांना त्यांनी रोजच्या उपासनेत जागा दिली.

हे सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. कॅथलिक चर्चचे नियम पाहिले तर, काही अपवाद सोडता, वेगळ्या चर्चच्या माणसाला मिस्सामधली ती भाकर घेता येत नाही. एका छताखाली राहायचं, रोज शेजारी बसून प्रार्थना करायची, आणि नेमक्या त्या घासापाशी थांबायचं! मला ते ऐकून वाईट वाटलं. पण ती दरी आहे म्हणून शेजारी बसणंच सोडायचं, असं या लोकांनी केलं नाही. मला ही गोष्ट मोठी वाटते.

त्या संध्याकाळी निघताना एका वयस्कर सिस्टरांनी माझं नाव विचारलं. नाव ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे तर दिवसातून पाच वेळा आहे, आम्ही इथे आमच्या वेळा सांभाळायची धडपड करतोय. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. माझी मान खाली गेली. ज्याचं त्या कौतुक करत होत्या, ते मी सोडून बसलो होतो.

मी विचारलं, मौनात मन भटकलं तर काय करायचं? त्या म्हणाल्या, भटकणारच. एक नाव धरायचं आणि परत यायचं. घंटा वाजली की उठायचं, मन लागो न लागो. मला अब्बांचा हात आठवला. तीही घंटाच होती की!

तोवर मी समजत होतो, की आधी मनात भाव यायला हवा, मगच नमाज. तिथे बसल्यावर उलटं लक्षात आलं. वेळ ठरलेली असते म्हणून भावाला यायला जागा राहते. नुसती वेळ पाळली आणि आत शांतता नसली तर ती हजेरी होते, हेही खरं. दोन्ही लागतं.

दुसऱ्या दिवशी फजरला मी गजर लावून उठलो. वजू केला, जानमाज अंथरली. सलाम फेरल्यावर लगेच उठलो नाही, तसाच बसून राहिलो. अल्लाहचं नाव घेत, भटकत, परत येत. जिक्र आमच्याकडे पहिल्यापासून आहेच. मी ती विसरलो होतो.

तेव्हापासून एकही नमाज चुकली नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. चुकते. पण चुकल्यावर आता परत येता येतं. आणि पहाटे डोळे उघडत नाहीत तेव्हा अजूनही पायाच्या अंगठ्याला कुणीतरी हात लावल्यासारखं वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)