डिस्क चार, जागा किती?

आज थोडं गणित.

समजा, पेणच्या एखाद्या गणपती कारखान्याने मूर्तींचे फोटो आणि ऑर्डरी ठेवायला 4 टीबीच्या चार डिस्क घेतल्या. एकूण 16 टीबी. पण डिस्क कधीतरी बिघडणारच, म्हणून काही जागा संरक्षणासाठी सोडायची. हेच रेड. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये बर्कलीला ही कल्पना मांडली.

सगळ्याची दुसरी प्रत ठेवली, तर हातात 8 टीबी. रेड 5 मध्ये प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे हिशेबाची बेरीज ठेवतात. एक आकडा हरवला तर उरलेल्यांवरून काढता येतो. हातात 12 टीबी, पण एकच डिस्क गेलेली चालते. नवी डिस्क भरायला बरेच तास लागतात. तेवढ्यात दुसरी गेली की खेळ खल्लास. रेड 6 मध्ये कोणत्याही दोन गेल्या तरी चालतं. चार डिस्कवर तिथेही 8 टीबीच. पण आठ डिस्क असतील तर 32 पैकी 24 मिळतात. दुसऱ्या प्रतीत फक्त 16.

मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोटो तो परत देत नाही. भोगावतीचं पाणी दुकानात शिरलं, तर आठही डिस्क एकदम जातात. म्हणून एक वेगळी डिस्क घ्या, दर आठवड्याला कॉपी करा आणि रोह्याच्या मावशीकडे ठेवा. तिथे कुंडलिका आहे, तेव्हा वरच्या मजल्यावर बरं का!