पाहुणा म्हणून जावे

(प्रौढ साक्षर वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



पुढच्या महिन्यात आपल्या गावातून यात्रेची गाडी निघणार आहे. जगन्नाथपुरीला जायचे ठरले आहे. पैसे जमा झाले. घरोघरी लाडू-चिवड्याची तयारी चालली आहे. यंदा यादीत नावांपुढे अंगठे नाहीत, सह्या आहेत. ते पाहून आम्हाला फार समाधान वाटले.

तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तुम्ही पुष्कळ फिरलात. प्रवासाविषयी चार शब्द सांगा." पुष्कळ फिरलो हे काही खरे नाही. मॅट्रिक झालो, शाळेत लागलो आणि सारे आयुष्य फळ्यापुढे गेले. थोडेसे फिरलो, आणि त्या थोड्यात एक मोठी चूक केली. ती चूकच आज सांगणार आहोत.

पण आधी आपल्या गावची गोष्ट.

आषाढात आपला धबधबा सुरू होतो. शनिवार-रविवारी शहरातून मोटारींची रांग लागते. पाहुणे येतात. चहा-भजी खपतात, मक्याची कणसे खपतात. चार पैसे गावात येतात, ते आपल्यालाही बरे वाटते. पण गेल्या वर्षी काय झाले? जागा नाही म्हणून काहींनी मोटारी बांधावर घातल्या. काहीजण चिखलात नाचायचे म्हणून लावणी झालेल्या खाचरात उतरले. रोपे पायाखाली गेली. बाटल्या फुटल्या. काचा चिखलात बसल्या. सोमवारी आपल्या एक मावशी उरलेल्या लावणीला उतरल्या आणि तळपायात काच घुसली. सात टाके पडले. ऐन लावणीत त्या घरी बसल्या. मजुरी बुडाली ती बुडालीच. मावशी आज इथे पुढेच बसल्या आहेत.

तेव्हा आपण सगळे चिडलो. "ह्यांना आईबापांनी काही शिकवलं का नाही?" असे म्हणालो. चिडलो ते बरोबरच होते. पण मंडळी, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. आता आमच्या मुसळाची गोष्ट ऐका.

२०१९ सालचा जानेवारी महिना. गावातील ४४ माणसे घेऊन आम्ही रामेश्वरला निघालो होतो. वाटेत तंजावर लागणार होते. तंजावर आपल्याला अगदीच परके नव्हे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तिथे राज्य स्थापले. १८५५ सालापर्यंत तिथे भोसले घराणे होते. तिथले बृहदीश्वराचे देऊळ त्याहून कितीतरी जुने, हजार वर्षांपूर्वीचे. ते चोळ राजाने बांधले. त्या देवळाच्या आवारात भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजी राजांनी तो १८०३ साली कोरवून घेतला.

हे सगळे आम्ही गाडीत सांगितले. मास्तरच आम्ही, सनावळी सांगण्याची सवय. पण त्या मुलखात आज जी माणसे राहतात, त्यांच्या रीतीविषयी एक शब्द बोललो नाही. तीच आमची चूक.

तंजावरच्या अलीकडे एका खेड्यात पहाटे गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला नळ होता. मंडळी उतरली. कोणी दात घासू लागले, कोणी धुणे काढले. नळापुढे घरांची ओळ होती. प्रत्येक दारापुढे जमीन झाडून, सडा घालून पांढरी रांगोळी काढलेली. काही बायका अजून वाकून काढतच होत्या. आमची माणसे त्यावरून सरळ चालत गेली. एकाने चूळ भरली ती रांगोळीवरच टाकली. एका घराच्या ओट्यावर आम्ही फराळाची भांडी मांडली. विचारले कोणालाच नाही.

एक बाई दारात उभी राहून पाहात होती. ती भांडली नाही. आत गेली, पिठाची वाटी घेऊन आली आणि पुसलेली रांगोळी पुन्हा काढायला बसली.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी आम्हाला चक्क मराठीत विचारले, तुम्ही कोणत्या गावचे? आम्ही चकित झालो. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले होते. घरात मराठी, बाहेर तमिळ. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. पण अर्थ लागत होता.

त्यांनी सांगितले, ह्या रांगोळीला इथे कोलम म्हणतात. बायका उजाडायच्या आत उठून दारापुढे कोलम काढतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथला मार्गळी महिना असतो. त्या महिन्यात तर फार मोठी कोलमे काढतात. जुनी रीत तांदळाच्या पिठाची. पिठाची का? तर मुंग्यांनी खावे, चिमण्यांनी खावे. दिवस उजाडला की पहिला घास दारातल्या लहान जिवाला. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी कोलम पुसतेच, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण काढणारीचा हात उचलायच्या आत ते तुडवायचे, त्यावर चूळ टाकायची, हे कसे?

मग त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "तुमच्या गावी तुळशीपुढची रांगोळी पाहुणा तुडवतो का?"

आम्ही मान खाली घातली. काय उत्तर देणार? सारा जन्म मुलांना शिस्त शिकवली, आणि ४४ माणसे घेऊन परक्या दारात हे करून बसलो.

आमच्यातल्या एक काकू पुढे झाल्या. त्यांनी झाडू मागून घेतला, जमीन झाडली, सडा घातला. त्या बाईने काकूंच्या हाती पिठाची वाटी दिली. काकूंनी आपल्या रीतीने ठिपके मांडले. ती बाई ठिपके पाहून हसली, कारण कोलमालाही आधी ठिपकेच मांडतात. एकीला तमिळ येत नव्हते, दुसरीला मराठी येत नव्हते. तरी दोघींनी मिळून एक कोलम पुरे केले. निघताना आम्ही सगळा कचरा गोळा करून गाडीत घेतला. रामेश्वरचे दर्शन झाले, समुद्र पाहिला. पण आज मंडळींना विचारा. पहिली आठवण ते दारच निघते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही झाली खेड्यापाड्याची गोष्ट. मोठ्या जगात कोण एवढे पाहतो? पाहतात, मंडळी. त्याच २०१९ सालची सातासमुद्रापलीकडची गोष्ट सांगतो.

ऑस्ट्रेलिया देशाच्या मधोमध, उजाड मुलखात, तांबड्या दगडाचा एक प्रचंड डोंगर आहे. त्याचे नाव उलुरू. उंची ३४८ मीटर. पायथ्याने प्रदक्षिणा घालायची तर नऊ किलोमीटरहून जास्त चाल पडते. तिथल्या मूळच्या रहिवाशांना अनंगू म्हणतात. त्यांना तो डोंगर पवित्र आहे. इंग्रज तिथे १८७३ साली पोचले. त्यांनी डोंगराला आपले नाव दिले. पुढे प्रवासी येऊ लागले, डोंगरावर चढू लागले. चढायला साखळी बसवली गेली. पस्तीसहून अधिक माणसे त्या चढणीत मेली. वर शौचाची सोय नाही. माणसे वरच घाण करीत, आणि पावसाने ती खालच्या पाणवठ्यात उतरे.

१९८५ साली सरकारने ती जमीन अनंगू लोकांच्या नावे परत केली. त्यांनी पायथ्याशी पाटी लावली. हे आमचे पवित्र ठिकाण आहे, कृपा करून वर चढू नका, अशा अर्थाची ती विनंती होती. सक्ती नव्हती. फक्त विनंती. पुष्कळजण पाटी वाचून सुद्धा चढत.

आमचा एक विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. २०१८ साली त्याने आपल्या आईवडिलांना तो डोंगर दाखवायला नेले. आईला अक्षरओळख नव्हती. पण पाटी दिसली तशी ती म्हणाली, "बाळा, काय लिवलंय ते वाच." मुलाने वाचले, मराठीत सांगितले. आई म्हणाली, "घरधनी नको म्हणतो, मग कशाला चढायचं?" तिने खालूनच हात जोडले. मुलगा मोठा शिकलेला, पण तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, मी चढायच्या तयारीनं गेलो होतो. आईनं थांबवलं."

अशी ऐकणारी माणसे हळूहळू वाढली. एके काळी चारातले सुमारे तिघे चढत, ते पुढे पाचात एकापेक्षाही कमी झाले. शेवटी जमीन परत मिळाल्याच्या दिवशीच, म्हणजे २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, चढणे कायमचे बंद झाले. आता प्रवासी पायथ्याने फिरतात. काही जागी फोटो काढू नका असे लिहिले आहे, तिथे काढत नाहीत.

आणखी एक गंमत ऐका. पूर्वी काही प्रवासी तिथला दगड, माती आठवण म्हणून घेऊन गेले. पुढे त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. ते लोक दुरून दुरून टपालाने दगड परत पाठवतात. सोबत पत्र असते, आमची चूक झाली, माफ करा. तिथे ह्या दगडांना माफीचे दगड असेच म्हणतात. दगड पोचतो, पण ज्या जागेवरून उचलला ती जागा कोणाला सापडायची? म्हणून आधीच उचलू नये, हे बरे.

दुसरी गोष्ट पलाऊ नावाच्या देशाची. पॅसिफिक महासागरात काही लहान बेटे आहेत, तो हा देश. माणसे सुमारे अठरा हजार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०१७ सालापासून तिथे एक रीत आहे. परदेशी पाहुणा आला की त्याच्या पासपोर्टावर एक शपथ छापतात आणि खाली त्याची सही घेतात. ती शपथ त्या देशातल्या मुलांना उद्देशून आहे. मी तुमच्या घरी पाहुणा आहे, तुमचे घर जपून ठेवीन, असा तिचा भाव आहे. शपथ तयार करताना तिथल्या मुलांची मदत घेतली होती. सही केल्यावाचून आत प्रवेश नाही. तुम्ही नुकतेच सही करायला शिकलात. सहीची किंमत तुम्हाला कोणी सांगायला नको. खाली काय लिहिले आहे ते वाचून सही करायची आणि सही केली की पाळायचे.

आता आपल्या पुरीच्या यात्रेकडे वळू. आम्ही पाच गोष्टी सांगतो. त्या पाठ करा.

पहिली. जिथे उतराल तिथे आधी विचारा. पाणी घेऊ का? इथे बसू का? फोटो काढू का? भाषा येत नसेल तर हाताने विचारा. ओडिया भाषेतही 'नमस्कार' हाच शब्द आहे. तो हसून म्हटला की निम्मे काम होते.

दुसरी. पाटी दिसली की थांबा. वाचता आली तर वाचा, नाही तर वाचून घ्या. पुरीच्या देवळात मोबाइल आणि चामड्याची वस्तू नेत नाहीत. दारात वाद घालू नका. देश तसा वेष.

तिसरी. आपला कचरा आपल्या पिशवीत. गाडीच्या खिडकीतून काही टाकायचे नाही. पाणी भरपूर दिसले तरी जपून वापरा. तो नळ त्या गावचा आहे.

चौथी. देवदर्शनाबरोबर माणसांचेही दर्शन घ्या. पुरीजवळ रघुराजपूर नावाचे चित्रकारांचे गाव आहे. तिथे कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून त्यावर देवादिकांची चित्रे काढतात. त्याला पट्टचित्र म्हणतात. तिथे बसा, हात कसा चालतो ते पाहा. घ्यायचेच असेल तर करणाऱ्याच्या हातून घ्या. घासाघीस करताना त्याची मेहनत आठवा. आपल्या भाताला व्यापारी भाव पाडून मागतो तेव्हा आपल्याला कसे वाटते?

पाचवी. त्यांचे जेवण, कपडे, बोलणे यांना नावे ठेवू नका. आपले चांगले आहेच. त्यांचेही त्यांना चांगलेच आहे.

एवढे केले म्हणजे झाले का? नाही. एक काम घरचे उरले. आपल्या धबधब्यापाशी पाटी नाही. शहरातून येणारे सगळेच वाईट नसतात. पुष्कळांना खाचर म्हणजे काय हेच ठाऊक नसते. आपण तरी त्यांना कधी सांगितले? अनंगू लोकांनी आधी पाटी लावली. मग वर्षानुवर्षे धीर धरला.

तेव्हा यात्रेला निघण्यापूर्वी आपण एक पाटी करू. फळी सुतारदादा देणार आहेत. रंग आम्ही आणतो. अक्षरे मात्र रंगाऱ्याची नकोत, तुमची हवीत. वाकडी आली तरी चालतील. पहिली ओळ मावशींनी लिहावी अशी आमची विनंती आहे. काय लिहायचे ते आम्ही विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "गुरुजी, आधी 'या' लिवते. काचेचं मग लिवते."

ह्याहून चांगली पाटी आम्हाला सुचली नसती.