परसबाग, ससा आणि कुंपण
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतसाहित्यावर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र परसातील मेथीचा वाफा आणि तो रातोरात फस्त करणारा ससा यांविषयी चार शब्द बोलणार आहे. नोकरीनिमित्त मुलुख सोडलेल्या आपल्यासारख्यांना हा विषय क्षुल्लक वाटू नये. मेथी, अळू, घेवडा हाताशी असले, की परगावच्या बिऱ्हाडाला घरपण येते.

चेन्नईच्या पोटात एक रान आहे. गिंडीचे हे राष्ट्रीय उद्यान १९७८ साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम २.७ चौरस किलोमीटर. तेथे चितळ, काळवीट आणि ससे आहेत. याच रानाच्या जमिनीवर १९५९ साली आयआयटीची वसाहत उभी राहिली. तेव्हा ससा आपल्या बागेत घुसला, अशी तक्रार करण्यापूर्वी आपण कोणाच्या अंगणात बाग केली, हेही ध्यानात घ्यावे.

इंग्रजी बागपुस्तकांत ज्याचा उपद्रव वर्णिलेला असतो तो 'रॅबिट'. आपला ससा म्हणजे 'हेअर'. त्याच्या मानेवर काळा पट्टा असतो. रॅबिट बीळ खणतो, त्याची पिले आंधळी व केसविरहित जन्मतात. आपला ससा बीळ खणीत नाही. दिवसभर झुडपाखाली वा गवतात दबून बसतो, आणि त्याची पिले डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. म्हणून बागेलगतचे काटक्यांचे ढीग व दाट गवत काढून टाकणे, हा पहिला उपाय.

दुसरे म्हणजे, चोर ओळखावा. ससा कोवळे देठ कात्रीने कापावे तसे तिरपे व स्वच्छ तोडतो आणि वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या टाकून जातो. चितळाला वरचे पुढचे दात नसल्याने त्याने ओरबाडलेली पाने फाटलेली दिसतात. माती उकरलेली असेल, तर घुशीचा संशय घ्यावा.

खरा उपाय कुंपणाचाच. इंचभर छिद्रांची तारेची जाळी जमिनीपासून तीन फूट उंच असावी. खालचा अर्धा फूट भाग मातीत गाडावा किंवा बाहेरच्या बाजूस वळवून दगडांनी दाबावा. फाटकाखालची फट विसरू नये. आठवड्यातून एकदा फेरी मारावी. नाहीतर कुंपणच शेत खाते म्हणतात, त्याचा प्रत्यय येतो! मिरपूड, लसूण यांचे फवारे येथील ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात धुऊन जातात. अळूला मात्र त्याच्या खाजरेपणामुळे ही जनावरे सहसा तोंड लावत नाहीत.

कुंपण वेळेवर हवे, याचा मोठा धडा ऑस्ट्रेलियाने घेतला. १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेसाठी व्हिक्टोरियात सोडलेल्या सशांची तेथे बेसुमार वाढ झाली. पश्चिम भागात १९०७ पर्यंत सुमारे अठराशे किलोमीटरचे कुंपण घातले गेले. पण ते पुरे होण्यापूर्वीच ससे पलीकडे पोहोचले होते.

विषारी आमिष, फासे आणि विजेची तार यांचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाला संरक्षण दिले आहे. शिवाय विष ससा व शेजाऱ्याचे मांजर असा भेद करीत नाही, आणि तारेला आपली मुले ओळखता येत नाहीत. ज्या सशाच्या नावावरून चंद्राला आपण शशांक म्हणतो, त्याला मारून मेथी वाचवण्यात शहाणपण ते काय?

पाऊस ओसरला, की मेथी पेरण्याचे दिवस येतात. जाळी त्याआधी लावावी. एकेकट्याला खर्च जड वाटला, तर चार घरांनी मिळून एकच बाग करावी. कुंपण एक लागेल आणि पाळीपाळीने राखणही होईल.