जन्मभूमीचा राजीनामा

दोन महिन्यांपूर्वीं माझ्या पुतण्याचें एक लांबलचक पत्र आलें. तो गेलीं अकरा वर्षें कॅनडांत आहे. तेथें त्याची नोकरी स्थिर झाली, घर झालें, मुलगी झाली. आतां त्या देशाचें नागरिकत्व घ्यावें असा त्याचा विचार आहे; आणि तें घेतलें म्हणजे भारताचें नागरिकत्व संपुष्टांत येणार. माझे थोरले बंधु आज हयात नाहींत. म्हणून वडीलकीच्या नात्यानें त्यानें मला विचारलें होतें, "काका, सही करूं कीं नको?"

पत्र वाचून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'नको' हाच. पण उत्तर लिहावयास बसलों, आणि 'कां नको' हें लिहितांना लेखणी अडली. त्या अडलेल्या लेखणीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा असता तर तो मीं येथें मांडला नसता. परंतु परराष्ट्र खात्यानें संसदेंत दिलेल्या आंकड्यांप्रमाणें २०११ सालीं १,२२,८१९ लोकांनीं भारताचें नागरिकत्व सोडलें, आणि २०२२ सालीं ही संख्या २,२५,६२० झाली. या बारा वर्षांची बेरीज साडेसोळा लाखांच्या वर जाते. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं असें पत्र येऊन गेलें असेल.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें जो भारतीय स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतो, त्याचें भारतीय नागरिकत्व आपोआप संपतें. त्यासाठीं वेगळा अर्ज लागत नाहीं. तिकडची शपथ हाच इकडचा राजीनामा. मागाहून पासपोर्ट वकिलातींत नेऊन द्यावयाचा आणि तो रद्द करून घ्यावयाचा, इतकेंच उरतें. २००६ पासून अशा लोकांना 'परदेशस्थ भारतीय नागरिक' या नांवाचें एक कार्ड मिळूं लागलें. नांवांत 'नागरिक' हा शब्द असला तरी तें नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर आयुष्यभर येतां-जातां येतें, राहतें घर विकत घेतां येतें. परंतु मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारशानें आलेली जमीन मात्र ठेवतां येते.

म्हणजे आमचीं आंब्याचीं कलमें उद्यांही त्याचीं राहतील. मग माझा 'नको' कशाचा होता?

मनाशीं खरें बोलावयाचें तर तो घराचा होता. गांवीं आमचें जांभ्या दगडाचें जुनें घर आहे. माझ्यामागें तेथें गणपति कोण आणील, पावसाळ्यापूर्वीं कौलें कोण चाळून घेईल, ही माझी चिंता. तिला मीं 'देश' हें मोठें नांव दिलें होतें. आणि मी तरी त्या घरांत कोठें राहिलों? नोकरीसाठीं चाळीस वर्षांपूर्वीं रत्नागिरी शहरांत आलों तो येथलाच झालों. माझे वडील त्याआधींच मुंबईला गिरणींत लागले होते. आमच्या जिल्ह्यांतलें घर असें क्वचितच सांपडेल, कीं ज्याची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटली नाहीं. शिमग्याला आणि गणपतीला यावयाचें, परतीच्या दिवशीं डोळे पुसावयाचे, आणि पुन्हा गाडीस बसावयाचें. हा आमचा पिढीजात धर्म. जाणें हें कोंकणास नवीन नाहीं.

पुढें हाच माणूस आखातांत गेला. कुवेत, दुबई, मस्कत हीं नांवें आमच्या खाडीकांठच्या गांवांत दादर-परळाइतकीं ओळखीचीं झालीं. परंतु तेथें तीस वर्षें राबलें तरी नागरिकत्व सहसा मिळत नाहीं. काम संपलें कीं परत येणें ठरलेलेंच. त्या परत येण्याला आपण देशनिष्ठा म्हणत आलों. निष्ठा त्यांत होतीच. पण दुसरा दरवाजा बंद होता, हेंही तितकेंच खरें. कॅनडाची गोष्ट वेगळी आहे. कायम राहण्याचा परवाना मिळालेला माणूस पांच वर्षांत १,०९५ दिवस त्या देशांत राहिला, कीं तो नागरिकत्वासाठीं अर्ज करूं शकतो. आमच्या घराण्यांतल्या माणसापुढें 'जातोस कीं राहतोस' हा प्रश्न मोकळेपणानें प्रथमच आला आहे. आणि मोकळेपणानें आलेल्या प्रश्नाला रडून उत्तर देतां येत नाहीं.

या विचारांत मी एका संध्याकाळीं थिबा राजाच्या वाड्याकडे फिरावयास गेलों. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजास इंग्रजांनीं १८८५ सालीं मंडालेहून उचललें आणि १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेवलें. पुढें त्याच्यासाठीं हा वाडा बांधला. बहादूरशहाला दिल्लीहून रंगूनला नेलें, तो तेथें १८६२ सालीं वारला. ब्रह्मदेशाच्या राजाला येथें आणलें, तो १९१६ सालीं येथें वारला. थिबा राजा तीस वर्षें आपल्या गांवांत राहिला, पण एक दिवसही रत्नागिरीकर झाला नाहीं. होण्याचें कारणही नव्हतें. त्याला कोणी विचारलें नव्हतें. राणी सुपयालत १९१९ सालीं मायदेशीं परतली.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. थोरल्या राजकन्येस येथल्याच एका मराठी माणसापासून मुलगी झाली. तिचें नांव टूटू. ती रत्नागिरींत वाढली, येथेंच तिचा संसार झाला, गरिबींत झाला. ती मराठी बोलली, मुलांना मराठींत वाढविलें, आणि २००० सालीं या शहरांतच वारली. राजाची नात म्हणून तिला पाहावयास लोक येत. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती आपल्यांतलीच एक बाई होती. आजोबाला तीस वर्षांत जें जमलें नाहीं, तें नातीला न ठरवितां जमलें. तेव्हां मला पुतण्याच्या मुलीची आठवण झाली. ती तिकडे जन्मली, म्हणून जन्मानेंच तिकडची नागरिक आहे. बर्फांत खेळणें हें तिचें बाळपण. मी 'नको' म्हटल्यानें तिची जन्मभूमि बदलणार नाहीं; बदलेल इतकेंच, कीं बाप एका देशाचा आणि मुलगी दुसऱ्या देशाची राहील.

येथें कोणी म्हणेल, कीं नागरिकत्व गेलें म्हणजे भाषा गेली, माणूस हातचा गेला. याला उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. बेने इस्रायल समाज कोंकणांत शतकानुशतकें राहिला. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनांवें त्यांनीं गांवांवरून घेतलीं, तुमच्या-आमच्यासारखीं 'कर' लावून. १९४८ सालीं इस्रायल स्थापन झालें, आणि यांतले हजारों लोक तिकडे गेले. येथें त्यांचा कोणी छळ केला म्हणून नव्हे. धर्मानें दाखविलेला देश त्यांना हांक मारीत होता म्हणून. तेथें पोहोंचल्यावर काय झालें? त्यांच्या यहूदीपणाविषयींच धर्मगुरूंनीं शंका काढली, आणि इतर यहुद्यांशीं त्यांचे विवाह अडूं लागले. या लोकांनीं तें मुकाट्यानें सोसलें नाहीं, आणि 'चला परत कोंकणांत' म्हणून सर्वांनीं गांठोडीही बांधलीं नाहींत. त्यांनीं चळवळ केली, धरणें धरलें, आणि १९६४ सालीं तेथल्या संसदेनें त्यांना सर्व बाबतींत समान मानण्याचा ठराव केला. तो देश आपला मानला होता, म्हणूनच त्याच्याशीं भांडतां आलें. आणि याच लोकांनीं तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. नागरिकत्व बदललें, मराठी राहिली.

'भांडतां आलें' या शब्दांनीं माझें लक्ष पुतण्याच्या पत्रांतल्या एका वाक्याकडे वळविलें. प्रथम वाचतांना मीं तें ओलांडलें होतें. त्यानें लिहिलें होतें, "काका, गेल्या अकरा वर्षांत मीं कोठेंही मत दिलेलें नाहीं." २०११ पासून परदेशीं असलेल्या भारतीय नागरिकास मतदार म्हणून नांव नोंदवितां येतें, हें खरें, पण मत देण्यासाठीं त्याला स्वतः आपल्या गांवच्या मतदानकेंद्रावर यावें लागतें. नोकरदार माणूस तेवढ्यासाठीं समुद्र ओलांडून कसा येणार? आणि तिकडे तो कर भरतो, मुलीला तिकडच्या शाळेंत पाठवितो. पण त्या शाळेच्या कारभारावर बोट ठेवण्याचा मताधिकार त्याला नाहीं.

श्रोतेहो, माझी अडलेली लेखणी येथें सुटली. ज्याला एका देशांत मत देतां येत नाहीं आणि दुसऱ्या देशांत देणें जमत नाहीं, तो नागरिक कोठला? तो दोन्ही घरचा पाहुणा. पाहुण्याला मान मिळतो, पण घरांत कांहीं बिघडलें तर त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. असा पाहुणा होऊन माणसानें सारें आयुष्य काढावें, हें मला चांगलें दिसत नाहीं.

जन्मभूमि आणि नागरिकत्व या दोन वस्तु आपण एक समजतों, तेथें आपला घोटाळा होतो. जन्मभूमि हें ऋण आहे. त्याचा राजीनामा देतां येत नाहीं. नागरिकत्व ही जबाबदारी आहे. ती बदलतां येते, पण टाकून देतां येत नाहीं. निळा पासपोर्ट पेटींत जपून ठेवला म्हणजे ऋण फिटतें असें नाहीं, आणि तो परत केला म्हणजे तें बुडतें असेंही नाहीं. माझा पुतण्या सरकारी शाळेंत शिकला, सरकारी तंत्रनिकेतनांत शिकला. त्या शिक्षणाचा खर्च ज्यांनीं सोसला, त्यांत माझ्या गांवचे ओझें वाहणारे लोकही आहेत. तें देणें त्याच्याकडे निघतें. आणि तें त्यानें कोणत्याही पासपोर्टावर फेडावें.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाहीं. कित्येक लोक जबाबदारीसाठीं नव्हे, सोयीसाठीं देश बदलतात. त्या पासपोर्टावर पुष्कळ देशांत व्हिसावांचून जातां येतें, विमानतळावरची रांग लहान होते. अशा माणसाला मी आजही 'नको' म्हणेन. रांग लहान व्हावी म्हणून देश बदलूं नये. कारण तसा माणूस नव्या देशाचाही होत नाहीं, आणि तिसऱ्या देशाची रांग आणखी लहान निघाली तर तिकडे वळतो. जुन्या देशाला जो तुच्छ लेखतो, त्याची शपथ नव्या देशानें तरी कां खरी मानावी?

शेवटीं मीं पुतण्याला जें उत्तर लिहिलें, तें थोडक्यांत सांगून आपला निरोप घेतों. मीं लिहिलें, "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. सही कर. पण शपथ घेशील तो देश खरोखर आपला मान. तेथल्या निवडणुकींत मत दे, तेथें अन्याय दिसला तर बोल. 'आम्ही काय, परके' असें म्हणून अंग काढून घेऊं नकोस. इकडच्या सरकारला मात्र तिकडे बसून शहाणपण शिकवूं नकोस; तो हक्क तूं सोडलास. गांवच्या शाळेचें छप्पर गळतें, त्याचें काय करतां येईल तें पाहा. मुलीला मराठी वाचावयास शिकव. घराची काळजी मी आहें तोंवर माझी. पुढें तें उघडें ठेवावयाचें कीं नाहीं, हें तूं आणि तुझ्या बहिणीनें ठरवावें. त्याला देशाचें नांव मी देणार नाहीं."

पत्र टपालांत टाकून घरीं आलों. वाईट वाटलें नाहीं असें म्हणत नाहीं. एक माणूस आपल्या मतदारांच्या यादींतून कमी झाला. ती जागा कोणी भरून काढणार नाहीं. पण जो अकरा वर्षें कोठेंच नव्हता, तो आतां कोठें तरी पुरता असेल. आणि यंदाच्या गणपतीला तो येणार आहे, असें त्याचें कालच उत्तर आलें आहे.