आकडा कोणी मोजला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



समाजमाध्यमांमुळे तरुण मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड निर्माण होतो, हे विधान आज सभांतून सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य नाही, असे नव्हे. परंतु त्यासाठी दिले जाणारे आकडे कोणी, कोणाला विचारून आणि कोणाच्या पैशाने गोळा केले, याची चौकशी क्वचितच होते. चौकशी न करता उचललेला आकडा पहिल्याच उलटतपासणीत गळून पडतो आणि त्याबरोबर मूळ प्रश्नही बाजूला सारला जातो.

एक गाजलेले उदाहरण घ्यावे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकन दैनिकाने फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती बाहेर आणणाऱ्या फ्रान्सिस हॉगेन या कंपनीच्याच माजी कर्मचारी. त्यांनी ५ ऑक्टोबर रोजी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. कागदपत्रांतील २०१९ सालच्या एका टिपणात, इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराविषयीची व्यथा वाढते, अशी कबुली होती. जगभर मथळे झळकले.

हा आकडा मात्र सर्व मुलींचा नव्हता. आपल्या शरीराविषयी वाईट वाटते असे ज्यांनी सांगितले होते, त्या मुलींपैकी ३२ टक्क्यांचा तो होता. कंपनीने नेमका हाच धागा पकडला. संशोधनाच्या काही भागांत केवळ ४० मुलामुलींना विचारले होते, हेही तिने पुढे केले. हा खुलासा खोटा नव्हता, पण अपुरा होता. आधीच व्यथित असलेल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलींचे दुःख आपल्या मालामुळे वाढते, असे तिच्याच संशोधकांनी तिला सांगितले होते. तरीही तिने ते आपण होऊन जनतेपुढे ठेवले नाही. मथळ्यावर विसंबलेल्या कार्यकर्त्याला या खुलाशापुढे निरुत्तर व्हावे लागते. मूळ टिपण वाचलेला कार्यकर्ता आरोप अधिक धारदार करू शकतो.

दुसरी कसोटी कार्यकारणाची. समाजमाध्यमांच्या जन्माआधी हार्वर्ड विद्यापीठाच्या अॅन बेकर यांनी फिजी बेटांवरील नाड्रोगा प्रांतात एक अभ्यास केला. भरल्या अंगाचे कौतुक करणाऱ्या त्या समाजात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. तेव्हा ६३ आणि तीन वर्षांनी ६५ शाळकरी मुलींची पाहणी झाली. खाण्याविषयीच्या धोकादायक मनोवृत्तीचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. आकडे बोलके आहेत. तथापि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, संख्या लहान होती आणि त्या तीन वर्षांत समाजात इतरही बदल होत होते. पडद्यावरील स्त्रियांसारखे दिसावेसे वाटते, असे मुलींनी मुलाखतींत सांगितले, म्हणून या निष्कर्षाला वजन येते. तरीही त्याला पुरावा म्हणावे, अंतिम सिद्धता म्हणू नये.

तिसरी कसोटी पैशाची. भारतात १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने सावळ्या मुलीला नोकरी आणि नवरा यांसाठी गोरेपणाची आशा विकली. २०२० साली त्या मलमाच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला; माल बाजारातच राहिला. ज्या युनिलिव्हर उद्योगसमूहाचे हे मलम, त्याच समूहाच्या ‘डव्ह’ या साबणाच्या नावे स्त्रियांच्या आत्मविश्वासाविषयीचे अहवाल प्रसिद्ध होतात. ते अहवाल खोटेच असतील, असे मानण्याचे कारण नाही. परंतु जखम करणारा आणि जखमा मोजणारा एकाच घरचा असेल, तर कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता टाळला गेला, हे तपासलेच पाहिजे.

या साऱ्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. कोट्यवधी मुली काय पाहतात, किती वेळ पाहतात आणि त्यांना पुढे काय दाखवले जाते, याची नोंद मूठभर कंपन्यांच्या कोठारात बंद आहे. स्वतंत्र संशोधकाला बहुधा मुलींच्या आठवणीवर विसंबून प्रश्नावली भरून घ्यावी लागते. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या डिजिटल सेवा कायद्यात मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडील अशी माहिती मागण्याची वाट ठेवली आहे. व्यक्तीची ओळख गुप्त ठेवून ही कोठारे सार्वजनिक संशोधनास खुली करावीत, ही मागणी भारतातही लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत कार्यकर्त्याने प्रत्येक अहवालाला चार प्रश्न विचारावेत: कोणाला विचारले? किती जणांना? तुलना कशाशी केली? खर्च कोणी केला? उत्तर मिळाले नाही तर तो आकडा पत्रकात छापू नये. आरशापुढे उभी राहून स्वतःला दोष देणाऱ्या मुलीची बाजू घ्यायची असेल, तर तिच्याविषयी एकही असत्य न बोलणे हे पहिले कर्तव्य ठरते.